का म्हणलं जी? इंग्रजीत परत विचारायचं कसं

आपल्याकडं कोणाचं बोलणं नीट ऐकू आलं नाही तर आपण म्हणतो 'का म्हणलं जी?' आन् डोकं फिरलेलं असलं तर 'का म्हणलं बे?' वाक्य तेच, फक्त 'जी'चा 'बे' झाला आन् समोरचा बाह्या वर करते. इंग्रजीतही हे 'जी' आन् 'बे' आहेत, पण ते असे शेवटाला उघडे दिसत नाहीत, ते वाक्याच्या पोटात असतात, कधी 'कुड'मध्ये, कधी आवाज वर गेला का खाली आला याच्यात, कधी मधातच टाकलेल्या एका 'एक्झॅक्टली'मध्ये, आन् आपण शाळेत पाठ केलेलं वाक्य सरळ फेकून देतो आन् आपल्याले पत्ताच नसते का आपण आत्ता त्या माणसाले 'बे' म्हणलं.

मी म्हणलं आहे, म्हणून सांगून राह्यलो. मी दारव्ह्याकडच्या एका खेड्यात राहतो, काम एका कंपनीच्या सपोर्टचं, घरूनच, क्लायंट बाहेरदेशातले. सुरुवातीचे दिवस होते, कापूस घरात येऊन पडला होता, खालच्या खोलीत बसायले जागा नाही आन् रेंजही नाही, म्हणून मी लॅपटॉप घेऊन स्लॅबवर, पाण्याच्या टाकीले टेकून बसलो होतो. क्लायंटच्या बाई एका तक्रारीबद्दल म्हणाल्या, 'लेट्स सिट ऑन इट फॉर नाऊ.' मले वाटलं बसायचं काय आहे याच्यात? मी विचारलं, 'व्हॉट डू यू मीन?' सपाट आवाजात, कारण मनात इंग्रजीची जुळवाजुळव चालू असली का आवाजात चढउतार करायले डोकं शिल्लक राहत नाही. तिकडं दोन सेकंद काहीच नाही. मंग बाई एकदम थंड आवाजात, 'ओके, लेट मी रीफ्रेज.' कॉल संपला आन् आमच्या लीडचा मेसेज, 'भाऊ, भांडून राह्यला होता काय तू?'

'सिट ऑन इट' म्हणजे सध्या हात लावू नका, राहू द्या तसंच, एवढंच होतं ते. मी विचारायले पाहिजे होतं, 'सॉरी, व्हेन यू से सिट ऑन इट, डू यू मीन वी शुड वेट?' याच्यात बाईले दिसलं असतं का याले सगळं समजलं, फक्त तेवढा एक तुकडा अडला. 'व्हॉट डू यू मीन?'मध्ये तसं काहीच दिसत नाही, तुम्ही पूर्ण बोलणंच तिच्या अंगावर परत फेकलं असं होते.

आता तुम्ही म्हणसान का मराठीत तर आपण सर्रास 'म्हंजे?' म्हणतो, त्याच्यात कोणाले राग येते? बरोबर आहे, 'म्हंजे?' एकदम गरीब शब्द आहे. पण 'तुले म्हणायचं काय आहे?' हे वाक्य घ्या, हे ज्या घरात ऐकू आलं त्या घरात त्या दिवशी जेवण गोड होत नाही. इंग्रजीतलं 'व्हॉट डू यू मीन?' हे दोन्ही आहे, आवाज मऊ असला तर 'म्हंजे?', आवाज सपाट किंवा 'यू'वर जोर दिला तर 'तुले म्हणायचं काय आहे?'. मधात 'एक्झॅक्टली' घातलं, 'व्हॉट एक्झॅक्टली डू यू मीन?', तर आणखी धार चढते. आन् 'व्हॉट्स दॅट सपोज्ड टु मीन?' हे तर निव्वळ भांडणाचं, ते चुकूनही कामाच्या ठिकाणी वापरू नका, पिक्चरमध्ये ऐकलं असलं तरी. मऊ पाहिजे तर 'व्हॉट डू यू मीन बाय' म्हणून पुढं तो अडलेला शब्द ठेवा, म्हणजे प्रश्न माणसाकडं जात नाही, शब्दाकडं जाते. आन् 'म्हंजे?'चं सरळ भाषांतर करून 'मीन्स?' किंवा 'मीन्स व्हॉट?' म्हणायची आपली सवय आहे ना, ते आपल्या देशात चालून जाते, बाहेरच्याले वाटते वाक्य अर्धं तुटलं, बाकीचं येऊन राह्यलं असंन म्हणून तो वाट पाहत बसते.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे का 'मले समजलं नाही' हे मराठीत एकच पोतं आहे, त्याच्यात सोयाबीन, तूर, चणा सगळं एकत्र जाते. ऐकूच आलं नाही, तरी समजलं नाही. ऐकू आलं पण शब्द माहीत नाही, तरी समजलं नाही. शब्द सगळे माहीत पण मतलब लागला नाही, आन् मतलब लागला पण हा माणूस हे काहून म्हणून राह्यला ते कळलं नाही, तरीही समजलं नाही. इंग्रजीत या चारही ठिकाणी वेगवेगळी वाक्यं आहेत, म्हणून तोंड उघडायच्या आधी अर्धा सेकंद स्वतःले विचारा का अडलं कुठं, कानात, शब्दात, मतलबात का हेतूत.

कानापासून सुरू करू. नुसतं ऐकू आलं नसलं तर 'सॉरी?' एवढं पुरते, शेवटाला आवाज वर न्यायचा. आवाज वर नेणं म्हणजे आपण 'खरंच?' विचारतो तसा. तोच 'आय अ‍ॅम सॉरी?' किंवा 'एक्सक्यूज मी?' आवाज कडक करून म्हणलं तर अर्थ होते 'काय बोललास तू, पुन्हा बोलून दाखव', म्हणून नवख्या माणसानं 'एक्सक्यूज मी?' टाळलेलं बरं. 'पार्डन?' चालते. आपल्याले शाळेत 'पार्डन' म्हणजे लय सभ्य असं शिकवलं, पण इंग्लंडमध्ये याची वेगळीच गंमत आहे, तिथं अ‍ॅलन रॉस नावाच्या भाषेच्या प्रोफेसरनं १९५४ मध्ये लिहून ठेवलं का वरच्या घराण्यातली माणसं सरळ 'व्हॉट?' म्हणतात आन् 'पार्डन' म्हणणारा उगाच सभ्य बनू पाहणारा समजला जाते. आपण काही राजवाड्यात जाऊन राह्यलो नाही, आपण 'व्हॉट?' म्हणलं तर उद्धटच वाटणार, तवा 'सॉरी?' धरून बसा.

'आं?' मात्र नको. म्हणजे 'आं?' म्हणणं गुन्हा नाही, उलट नेदरलँड्सच्या मॅक्स प्लँक इन्स्टिट्यूटच्या लोकांनी १० भाषा जवळून तपासल्या आन् २०१३ मध्ये छापलं का हा 'हं?' सारखा आवाज जगभर जवळपास सारखाच आहे, त्याच्यासाठी त्याईले २०१५ चं इग नोबेलही भेटलं, ते हसवता हसवता विचार करायले लावणाऱ्या संशोधनाले देतात ते. पण 'आं?' हे घरातलं आहे, माय स्वयंपाकघरातून हाक मारते तवाचं. क्लायंटसमोर तोंडातून निघालंच तर लगेच मागून 'सॉरी, आय डिडन्ट कॅच दॅट' लावून द्या.

या 'डिडन्ट कॅच दॅट'चे भाऊबंद लोक लय गोंधळून वापरतात. 'आय डिडन्ट कॅच दॅट' म्हणजे ते एक वाक्य निसटलं. 'आय कान्ट हिअर यू' म्हणजे आत्ता लाइनच खराब आहे, काहीच ऐकू येऊन नाही राह्यलं. आवाज तुटून तुटून येत असला तर 'यू आर ब्रेकिंग अप.' आपल्याकडं टॉवरची एक काडी, लाइन गेली का राउटर बंद, तर ही तिन्ही वाक्यं एकाच कॉलमध्ये लागतात, पण आलटून पालटून टाकू नका, कारण 'आय कान्ट हिअर यू' म्हणलं का समोरचा आपला माइक तपासत बसते आन् तुमचं मात्र फक्त एक वाक्य हुकलेलं असते. कॉल तुटून परत जोडला तर 'यू वेअर सेइंग?' म्हणा, म्हणजे 'हां, तुम्ही सांगत होते...' तिथं 'व्हॉट डिड यू से?' म्हणू नका, ते जोरात म्हणलं गेलं का पुन्हा आपल्या 'बे'पाशी येते.

'कम अगेन?'सुद्धा परत सांगा याच अर्थाचं आहे, पण ते दोस्तीतलं. तालुक्याच्या कापडाच्या दुकानावर 'प्लीज कम अगेन' अशी पाटी असते, त्याच्यामुळं माझ्या काकाले अजूनही वाटते का फोनवर हे म्हणणारा त्याले जेवायले बोलावून राह्यला.

आकड्यांचं वेगळं. थर्टीन का थर्टी, फिफ्टीन का फिफ्टी, हे इंग्रजीवाल्यांचंही आपसात चुकते. कापसाच्या काट्यावर आपण काय करतो? एकोणसाठ म्हणलं का एकोणसत्तर, असं वाटलं का लगेच विचारतो, 'पाच-नऊ का सहा-नऊ?' तेच करा, 'वन-थ्री ऑर थ्री-झिरो?' एवढं सोपं असून लोक 'प्लीज रिपीट' म्हणत राहतात आन् समोरचा तेच 'थर्टीन' तसंच्या तसं, फक्त जोरात म्हणते. आन् 'रिपीट अगेन' तर म्हणूच नका, 'परत परत सांगा' सारखं होते ते.

आता शब्द अडला तर. इथं 'व्हॉट डझ दॅट मीन?' बिनधास्त म्हणा, त्याच्यात 'यू' नाही म्हणून डंख नाही. 'डझ' आन् 'डू यू' याच्यात एवढा फरक का, तर पहिल्यात शब्दाचा अर्थ विचारला, दुसऱ्यात माणसाले जाब. नाव विसरलं असलं तर 'व्हॉट वॉज युअर नेम अगेन?' म्हणा. भूतकाळ काहून, त्या माणसाचं नाव बदललं काय? नाही, आपणही तसंच म्हणतो ना, 'का नाव सांगतलं होतं तुम्ही?' भूतकाळ टाकला का लाज थोडी झाकल्या जाते, दोन्ही भाषांत.

मतलबात अडलं तर खरी मजा सुरू होते, कारण इथं 'क्लॅरिफाय' आन् 'एलॅबोरेट' हे दोघं येतात आन् दोघांचं काम वेगळं आहे. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ आलं का आपण तुरटी फिरवतो, पाणी तेवढंच राहते, फक्त निवळते, हे 'क्लॅरिफाय'. पाणी चांगलंच आहे पण आणखी एक घागर पाहिजे, हे 'एलॅबोरेट'. म्हणून साहेबानं चांगलं समजावून सांगतलं आन् तुम्हाले फक्त जास्त माहिती पाहिजे, आन् तुम्ही म्हणलं 'कुड यू क्लॅरिफाय?', तर त्याचा अर्थ 'तुमचं बोलणं गढूळ होतं' असाही निघू शकते. तिथं 'कुड यू टेल मी अ बिट मोअर अबाउट दॅट?' हे सगळ्यात बेस, 'एलॅबोरेट'पेक्षाही, 'एलॅबोरेट'ले थोडा परीक्षेच्या पेपरचा वास येते. 'कुड यू बी मोअर स्पेसिफिक?' हे बरोबर इंग्रजी आहे पण मास्तर पोट्ट्याले म्हणते तसं वाटते, मोठ्या माणसाले नको.

मेलमध्ये नुसतं 'प्लीज क्लॅरिफाय' लिहून पाठवणाऱ्यांसाठी एकच सांगतो. ग्रामपंचायतीत वरून कागद आला आन् त्याच्यावर 'खुलासा सादर करावा' लिहिलेलं असलं तर ग्रामसेवकाचं तोंड पाहा. खुलासा म्हणजे शब्दकोशात नुसतं स्पष्टीकरण, पण त्या कागदात त्याचा अर्थ तू काहीतरी करून ठेवलं, आता सांग. दोन शब्दांचं 'प्लीज क्लॅरिफाय' इंग्रजी मेलमध्ये तसंच वाचलं जाते. त्याच्याऐवजी 'आय हॅव अ क्विक क्वेश्चन अबाउट पॉइंट टू' असं लिहा आन् पुढं प्रश्न लिहा. 'एक्सप्लेन'चं पण असंच, 'एक्सप्लेन मी' हे चूक आहे, 'एक्सप्लेन इट टु मी' पाहिजे, आन् 'एक्सप्लेन युअरसेल्फ' म्हणजे 'नीट समजावून सांगा' नाही, ती सरळ कारणे दाखवा नोटीस आहे.

'सर आय हॅव अ डाउट' हे आपण कॉलेजपासून म्हणत आलो. भारतात चालते, आपल्याकडं डाउट म्हणजे शंका आन् शंका म्हणजे प्रश्न. इंग्लंड-अमेरिकेच्या माणसाले मात्र 'डाउट' म्हणलं का अविश्वास ऐकू येते, का याले माझं खरं वाटून नाही राह्यलं. 'क्वेश्चन' म्हणा, संपला विषय.

'आय डोन्ट अंडरस्टँड' खरं तर साधं वाक्य आहे, पण त्याच्यापुढं 'व्हाय' लागला का ते गाऱ्हाणं होते, 'आय डोन्ट अंडरस्टँड व्हाय यू चेंज्ड इट', म्हणजे काहून बदललं, बदलायले नको होतं. 'आय अ‍ॅम नॉट शुअर आय फॉलो' मऊ आहे. फक्त हे ध्यानात ठेवा का इंग्रज माणूस तुम्हाले हे म्हणला तर दर वेळी त्याले समजलं नाही असं नसते, कधी कधी त्याले पटलेलं नसते, तो फक्त सरळ म्हणत नाही. आपल्याकडं पाहुणे 'पाहू मंग' म्हणून पोरगी पाहून निघून जातात तसंच.

आता हेतू. 'व्हाय डिड यू डू धिस?' हे पोलीस पाटलाचं वाक्य आहे. आपला 'काहून?' लय भोळा आहे पण 'व्हाय' तेवढा भोळा नाही. दोस्तीत 'हाऊ कम?' चालते, कामात 'इज देअर अ रीझन वी आर डुइंग इट धिस वे?' आन् त्याच्यात 'यू' नाही, 'वी' आहे, हे पाहा. तेवढ्या एका शब्दानं तुम्ही त्याच्या बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसता.

समजलं आहे, फक्त पक्कं करायचं आहे, तर 'जस्ट टु कन्फर्म' म्हणून तुमची समजूत त्याले वाचून दाखवा. 'जस्ट टु बी क्लिअर' त्याच्यासारखंच दिसते पण त्याच्यात बोट वर केलेलं असते, 'एक गोष्ट स्पष्ट सांगतो' असं. 'सो व्हॉट यू आर सेइंग इज' जपून, वादात माणसं हे म्हणूनच दुसऱ्याचं बोलणं पिळतात. 'इफ आय अंडरस्टँड करेक्टली' सगळ्यात निरुपद्रवी.

ही अशी समजूत वाचून दाखवणं, किंवा 'हे का ते' असे दोन पर्याय समोर ठेवणं, हे नुसत्या 'सॉरी?'पेक्षा कधीही चांगलं, कारण समोरच्याले फक्त हो-नाही म्हणायचं राहते. मघाच्या त्या 'हं?'वाल्या संशोधकांनीच २०१५ मध्ये १२ भाषांचं बोलणं मोजलं तर लोक सरासरी दर दीड मिनिटाच्या आत एकमेकाले असं परत विचारतात, आन् जेवढं नेमकं विचारता येईन तेवढं नेमकं विचारतात. म्हणजे परत विचारायची लाज बाळगणारे आपणच, बाकी जग दिवसभर विचारूनच राह्यलं. वेळेच्या बाबतीत तर विचाराच. 'एंड ऑफ डे' म्हणलं तर कोणाचा दिवस? लंडनचे संध्याकाळचे ६ म्हणजे आपले हिवाळ्यात रात्रीचे ११:३० आन् उन्हाळ्यात १०:३०, कारण त्याईचं घड्याळ मार्च आन् ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सरकते. 'नेक्स्ट फ्रायडे' म्हणलं तर 'डू यू मीन धिस कमिंग फ्रायडे ऑर द वन आफ्टर?' तारीख ०५/०६ लिहिली तर अमेरिकन माणसाची ६ मे, इंग्रजाची ५ जून. महिना अक्षरात लिहून विचारा.

उलटी बाजूही सांगतो, कारण मी सगळ्यात जास्त इथंच पडलो. ते विचारतात, 'डिडन्ट यू गेट द फाइल?' आन् फाइल आली नसते. मराठीत आपण म्हणतो 'हो, नाही आली', आपला 'हो' त्याच्या म्हणण्याले असते. मंग तोंडातून 'यस' निघते आन् त्याले वाटते फाइल भेटली. इंग्रजीत प्रश्न कसाही विचारू द्या, नसली तर 'नो, आय डिडन्ट', असली तर 'यस, आय डिड', आन् नुसतं यस-नो न म्हणता पूर्ण म्हणायचं. तसंच 'वुड यू माइंड रिपीटिंग दॅट?' विचारलं तर उत्साहानं 'यस यस' नाही म्हणायचं, माइंड म्हणजे हरकत, 'यस' म्हणजे हो, हरकत आहे. 'शुअर' म्हणा आन् सांगा परत.

शेजारची पोट्टी आयईएलटीएस, म्हणजे बाहेरदेशी जायसाठी मागतात ती इंग्रजीची परीक्षा, देऊन राह्यली, तिनं विचारलं का तिथं परीक्षकाले परत विचारता येते काय. येते. स्पीकिंग ११ ते १४ मिनिटांचं असते, पहिल्या भागात ते प्रश्न परत म्हणतात पण समजावून सांगत नाहीत, तिसऱ्या भागात 'कुड यू रीफ्रेज द क्वेश्चन?' म्हणलं तर वेगळ्या शब्दांत विचारतात. तिले मी रोज संध्याकाळी वट्ट्यावर बसवून मुद्दाम पुटपुटत प्रश्न विचारतो, आन् ती पहिले आठ दिवस नुसती 'आं?' करत होती.

आन् एकदा विचारलं, त्यानं सांगतलं, तरी डोक्यात शिरलं नाही, तर पुन्हा तेच 'सॉरी?' नको, तो तेच वाक्य जोरात म्हणंन. दुसऱ्या वेळी अडलेला तुकडा उचलून विचारा, 'सॉरी, द पार्ट आफ्टर मंडे?' तरीही नाहीच जमलं तर 'कुड यू ड्रॉप दॅट इन द चॅट? माय कनेक्शन इज अ बिट पॅची.' कनेक्शनचं कारण आपल्याकडं शंभरातून नव्वद वेळा खरंच असते, बाकीच्या दहा वेळाही कोणी दारव्ह्याले येऊन टॉवर तपासत नाही.